भावाला कंपनीत फिट आली, एचआर राजीनामा मागतंय, द्यायचा का?

सिडकोची_ताई | नाशिक | ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा मोठं होईल, समजून घ्या.

माझा धाकटा भाऊ अंबड एमआयडीसीत एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर आहे. आयटीआय टर्नर केलंय. आधी कॉन्ट्रॅक्टरकडे होता, आता दोनेक वर्षं झाली कंपनीच्या रोलवर घेतलाय. त्याला शाळेत असल्यापासून फिटचा त्रास आहे, म्हणजे अपस्मार. न्यूरोच्या डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे, लेव्हेटिरासेटमची गोळी सकाळ संध्याकाळ, आणि गोळ्या नीट बसल्यापासून कित्येक वर्षं त्याला एकही फिट आलेली नव्हती, इतकी की आम्ही घरचे पण विसरल्यासारखेच झालो होतो.

मागच्या महिन्यात कंपनीत माणसं कमी म्हणून त्याला लागोपाठ थर्ड शिफ्ट लावल्या, वरून ओव्हरटाइम. दिवसा घरात झोप होत नाही, आमचं घर दोन खोल्यांचं, माझी मुलं लहान, खाली रस्त्यावर दिवसभर हॉर्न. त्यात धावपळीत एखादा डोसही राहिला असणार. तर एका सकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी कॅन्टीनमध्ये चहाच्या लाईनीत तो पडला. मशीनवर नव्हता हे महत्त्वाचं. कोणाला काही झालं नाही, मालाचं नुकसान नाही. बरोबरच्या पोरांनी घाबरून नाकाला चप्पल लावली, कोणीतरी तोंडात चमचा घातला त्याने ओठ फाटला. दहा पंधरा मिनिटांत तो शुद्धीवर आला, रिक्षाने घरी आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी गेला तर सिक्युरिटीने गेटवरच थांबवलं, वरून सांगितलंय म्हणे आत सोडायचं नाही. नंतर एचआरचा फोन, की राजीनामा लिहून दे, वैयक्तिक कारण लिही, फुल अँड फायनल हिशोब लगेच करतो, एक्सपिरियन्स लेटर चांगलं देतो, नाहीतर आजार लपवून नोकरी मिळवली म्हणून काढू, मग एमआयडीसीत कुठेच लागणार नाहीस. जॉइनिंगच्या वेळचा फॉर्म कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने सगळ्या पोरांचा एकदमच भरला होता, याने फक्त सही केली. मेडिकलमध्ये डोळे, बीपी, छातीचा एक्सरे एवढंच झालं, फिटबद्दल कोणी विचारलंच नाही.

वडील म्हणतात दे राजीनामा, बोभाटा नको, उद्या लग्नाचं बघायचंय. आई दोन दिवस रडतेय. भाऊ तर बोलतच नाही, खोलीत पडून असतो. मला मात्र हे पटत नाही. ज्याने एवढी वर्षं एक पीस रिजेक्ट होऊ दिला नाही त्याला एका सकाळीसाठी असं हाकलायचं? अशा लोकांसाठी काही कायदा आहे का? राजीनामा द्यावा का? आणि पुढे दुसरीकडे इंटरव्ह्यूला जाताना आजार सांगायचा की नाही? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

---

सातपूरचा_जुना_कामगार

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट. राजीनाम्यावर सही करायची नाही. कोऱ्या कागदावर नाही, टाईप केलेल्यावर नाही, "फक्त फॉर्मॅलिटी आहे" म्हणाले तरी नाही. मी सातपूरला एका कंपनीत युनियनच्या कमिटीवर बरीच वर्षं होतो, आता रिटायर आहे, आणि जेवढ्या पोरांचं वाटोळं झालेलं बघितलं त्यातली निम्मी अधिक पोरं स्वतःच्या हाताने राजीनामा लिहून आलेली. एकदा राजीनामा दिला की कंपनीने काढलं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, आणि मग कोर्टात म्हणतात की अहो याने तर राजीखुशीने सोडलं.

दुसरं, भावाने घरी बसून राहायचं नाही. हे फार महत्त्वाचं आहे. गेटवर आडवतात तोंडी, आणि पंधरा दिवसांनी पत्र पाठवतात की तुम्ही विनापरवानगी गैरहजर आहात, स्वतःहून काम सोडलं असं समजण्यात येईल. म्हणून आजच एक साधं पत्र लिहा मराठीत, की मी अमुक तारखेला ड्युटीवर हजर झालो, मला गेटवर थांबवलं, मी आजही काम करायला तयार आहे, मला कामावर घ्या, आणि घेत नसाल तर कारण लेखी द्या. एवढंच. रडगाणं नको, धमकी नको. स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती जपून ठेवा, तेच पत्र एचआरच्या ईमेलवर पण टाका. आणि यापुढे फोनवर बोलणं बंद, एचआरला सांगा साहेब व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर लिहा. जे आलेत ते मेसेज डिलीट करू नका.

पगार किती आहे त्याचा? एकवीस हजाराच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापत असतील. मग सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला घेऊन जा, तिथल्या डॉक्टरांनी रजा लिहून दिली तर आजारपणाचा भत्ता मिळतो, पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, तो भत्ता चालू असताना कंपनीला कामगाराला काढता येत नव्हतं, शिक्षा करता येत नव्हती, १९४८ च्या ईएसआय कायद्यातच होतं ते, आता काय आहे ते ईएसआयच्या ऑफिसला विचारा. पण त्याला खरंच विश्रांती लागत असेल तरच हे करा. तो ठणठणीत असेल तर पहिला मार्ग कामावर हजर होण्याचाच.

काढलंच तर कामगार उपायुक्तांच्या ऑफिसला अर्ज करता येतो, आणि आपल्या महाराष्ट्रात युएलपीची केस करता येते लेबर कोर्टात, १९७१ चा कायदा आहे, अनुचित कामगार प्रथांचा. पण त्याला मुदत आहे, ९० दिवसांच्या आत करावी लागते. बोलू, बघू, साहेब आश्वासन देतायत असं करत करत लोक तीन महिने घालवतात आणि मग येतात. तसं करू नका.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती मला कळते, पण बोभाटा कॅन्टीनमध्ये झालाच आहे. आता पोराची रोजीरोटी वाचवायची.

---

दवबिंदू_०७

ताई तुमची पोस्ट वाचली आणि जेवण गेलं नाही. मला स्वतःला अपस्मार आहे, कॉलेजला असताना कळलं, आता कॉलेज रोडला एका सीएच्या ऑफिसमध्ये अकाउंट्स बघते. त्याआधी एका खासगी शाळेत क्लार्क होते तिथे एकदा स्टाफरूममध्ये फिट आली आणि पुढच्या महिन्यात "आमचं अॅडमिशन कमी झालं" म्हणून मला ब्रेक दिला. माझ्यानंतर दुसरी मुलगी त्याच खुर्चीवर घेतली. तेव्हा मला कोणी सातपूरच्या काकांसारखं सांगणारं नव्हतं.

मला तुमच्या भावाबद्दल बोलायचंय. तो खोलीत पडून आहे ना, त्याच्याशी कोणीतरी बोला. फिटनंतर अंग दुखतं, डोकं जड होतं, दोन दिवस काही सुचत नाही हे तर आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांनी आपल्याला तसं बघितलं ही लाज. कपडे ओले झाले असतील, तोंडाला फेस आला असेल, आणि आपल्याला त्यातलं काहीच आठवत नसतं, फक्त लोकांचे चेहरे बघून कळतं की काहीतरी झालं. त्याला वाटत असेल आता त्या पोरांसमोर कसा जाऊ. त्याला सांगा यात त्याने काहीही केलेलं नाही. मेंदूतल्या पेशी एकदम जास्त विजेचे सिग्नल सोडतात, त्याचं नाव फिट. बाहेरचं नाही, करणी नाही, वेडही नाही. जगात पाच कोटीच्या आसपास लोकांना हा आजार आहे आणि नीट औषध मिळालं तर त्यातल्या ७० टक्के लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात असं डब्ल्यूएचओ सांगतं. तुमचा भाऊ त्याच ७० टक्क्यांतला होता आणि झोप मोडेपर्यंत नीट चाललं होतं.

सांगायचं की नाही यावर माझं मत थोडं वेगळं पडेल. इंटरव्ह्यूच्या टेबलावर मी सांगत नाही. सही करायच्या फॉर्मवर स्पष्ट प्रश्न असेल तर खोटं लिहायचं नाही, कारण पुढे तेच पकडतात. प्रश्नच नसेल तर ऑफर हातात आल्यावर, कामाला लागताना सांगते, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आत्ताच्या ऑफिसात सरांना सांगितलं आणि शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीला. सगळ्या स्टाफला नाही. मैत्रिणीला दाखवून ठेवलंय की असं झालं तर कुशीवर कर, टेबल लांब सरकव, घरी फोन कर. सर सुरुवातीला घाबरले होते. मग म्हणाले मार्चएंडला उशिरापर्यंत थांबवणार नाही, सकाळी लवकर ये हवं तर. एवढंच लागतं हो आम्हाला.

आणि लग्नाचं. आईला सांगा, पूर्वी हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्न रद्द करायचं कारण होतं, ते १९९९ मध्ये कायद्यातून काढून टाकलंय. फक्त मुलीकडच्यांपासून लपवू नका. माझ्या नवऱ्याला पहिल्या भेटीत सांगितलं होतं. पुण्याला संवेदना फाउंडेशन म्हणून संस्था आहे, अपस्मार असलेल्यांचा मदतगट चालवतात, तिथे आमच्यासारख्यांशी बोलायला मिळतं, भावाला एकदा नक्की न्या.

---

एचआर_मधला_एक

मी इथे कंपनीची बाजू घ्यायला आलेलो नाही पण आत काय चालतं ते सांगतो, उपयोग होईल.

जे तुमच्या भावाशी केलं ते चुकीचं आहे, फोनवरून राजीनामा मागणं तर सरळ दबाव आहे. पण एचआरला ही घाई का होते ते समजून घ्या. फॅक्टरीत अपघात झाला तर फॅक्टरी इन्स्पेक्टर येतो, मॅनेजरवर केस होते, नुकसानभरपाई कंपनीवर बसते. प्लांट हेड विचारतो की उद्या हा मशीनवर पडला तर जबाबदार कोण, तू का? मग एचआरला सोपा वाटणारा रस्ता म्हणजे माणूसच नको. हा रस्ता सोपा असला तरी बरोबर नाही. सीएनसीला दरवाजा असतो, इंटरलॉक असतो, दार उघडं असताना मशीन चालत नाही. ते काम आणि पॉवर प्रेसवरचं काम एक नाही, फर्नेससमोरचं काम वेगळं, उंचीवरचं वेगळं, फोर्कलिफ्ट तर आणखी वेगळी. आजाराचं नाव एकच पण धोका कामाकामाला वेगळा, हे बघायचे कष्ट कोणी घेत नाही.

म्हणून तुम्ही जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. न्यूरोच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या पण "ड्युटीला हरकत नाही" अशा एका ओळीची नको, तिचा आमच्याकडे उपयोग होत नाही. तिच्यात हे यावं: निदान काय, किती वर्षं फिट नव्हती, आत्ताची कशाने आली असावी, औषध काय आणि त्यात काही बदल केला का, कोणतं काम करू शकतो, कोणतं टाळावं, आणि ठळक शब्दांत की रात्रपाळी देऊ नये, सलग झोप हवी. डॉक्टरांना सीएनसीचं काम कसं असतं ते माहीत नसतं, भावाने मोबाईलवर मशीनचा फोटो दाखवावा, दार कसं बंद होतं ते सांगावं. मग ते नेमकं लिहू शकतील.

आणि अर्जात मागणी बारीक ठेवा. मला कायम फर्स्ट किंवा जनरल शिफ्ट द्या, तेही आत्ता शक्य नसेल तर काही महिने क्वालिटीत किंवा टूल रूम स्टोअरला द्या, कंपनीच्या मेडिकल ऑफिसरकडून माझी तपासणी करून घ्या. हे शेवटचं जरूर लिहा. आमचा फॅक्टरीचा डॉक्टर बहुतेक वेळा एचआरपेक्षा जास्त समजूतदार निघतो, आणि त्याने लिहून दिलं की प्लांट हेडची भीती कमी होते कारण आता कागद आहे.

"आजार लपवला" या धमकीला फार घाबरू नका. फॉर्म कोणाच्या हस्ताक्षरात आहे ते बघा, त्याची झेरॉक्स मागा. त्या पानावर आजाराचा प्रश्न आहे का तेच आधी बघा. बऱ्याच कॉन्ट्रॅक्टरच्या फॉर्मवर नसतो.

---

वकिली_करतोय_नाशिकरोड

वरच्या तिघांनी चांगलं लिहिलंय, मी फक्त कायद्याचं सांगतो, खरं खरं, उगाच आशा लावत नाही.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेत आणि अपस्मार त्यात नावाने नाही. मज्जासंस्थेचे जुनाट आजार असा एक प्रकार आहे, त्याखाली उदाहरणादाखल मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही दोन नावं आहेत. त्यामुळे फक्त अपस्मार आहे म्हणून सिव्हिल हॉस्पिटलमधून ४० टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढायला गेलात तर बहुतेक वेळा हात हलवत परत याल, आणि सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षणही त्या सर्टिफिकेटशिवाय मिळत नाही. इथे बरेच जण हताश होऊन सोडून देतात.

पण त्याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीची एक मोठी व्याख्या पण आहे, दीर्घकाळची शारीरिक, मानसिक वगैरे कमतरता जी समाजातल्या अडथळ्यांमुळे माणसाला बरोबरीने भाग घेऊ देत नाही. तिच्यात टक्के नाहीत. २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच धरलं. त्या मुलाला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, ४० टक्क्यांत बसत नव्हता म्हणून लेखनिक नाकारला होता. कोर्टाने सांगितलं की वाजवी सोय, म्हणजे त्या माणसाच्या गरजेप्रमाणे केलेला बदल, मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांशी बांधलेला नाही. तुमच्या भावाचा मुद्दा याच दारातून जातो. गाडी चालवता येत नाही, रात्रपाळी करता येत नाही, एका प्रसंगाने नोकरी जाते, हे अडथळे नाहीत तर काय आहे.

आता कामाची गोष्ट. २०१७ च्या केंद्राच्या नियमांत असं आहे की वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार आली तर त्याने एकतर कायद्याप्रमाणे कारवाई करायची, नाहीतर तक्रारदाराला लेखी कळवायचं की आम्ही केलं ते योग्य हेतूसाठी आणि त्या हेतूच्या प्रमाणातच कसं होतं. म्हणजे गप्प बसायची सोय नाही. तर एचआरला नाही, कंपनीच्या प्रमुखाच्या नावाने तक्रार पाठवा आणि हे लेखी उत्तर मागा. त्याच पत्रात कंपनीच्या समान संधी धोरणाची प्रत मागा, कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते प्रत्येक आस्थापनेने करायचं आहे, खासगीने सुद्धा. बहुतेकांनी केलेलं नसतं. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, तिथे वकीलच हवा असं नाही.

कच्ची बाजू पण सांगतो. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येणार नाही, दुसऱ्या पदावर त्याच पगारात घ्यायचं, हे कलम २० मधलं संरक्षण सरकारी आस्थापनांना आहे, खासगी कंपनीला ते तसंच लागू नाही. आयुक्त शिफारस करतात, कोर्टासारखी ऑर्डर नाही. म्हणून काकांनी सांगितलेला कामगार कायद्याचा रस्ता सोडू नका, दोन्ही बरोबर चालवा. कंपनी म्हणेल की सततच्या आजारपणामुळे काढलं. तर एवढ्या वर्षांत एक फिट हे सततचं आजारपण नाही, त्याच्या हजेरीचा रेकॉर्डच ते सांगेल, सॅलरी स्लिपा सगळ्या गोळा करून ठेवा.

एक जुना निकाल पण लक्षात असू द्या. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टाने एचआयव्ही असलेल्या एका हंगामी कामगाराच्या केसमध्ये म्हटलं होतं की माणूस काम करू शकतो आणि इतरांना मोठा धोका नाही, तर नुसत्या आजारावरून त्याला काम नाकारता येणार नाही. ती सार्वजनिक क्षेत्रातली कंपनी होती, आजार वेगळा होता, पण विचार तोच आहे आणि लेबर कोर्टापुढे मांडता येतो.

फीची काळजी असेल तर सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही, जाऊन विचारा, लाजायचं काही नाही.

---

स्टाफनर्स_पंचवटी

चप्पल आणि चमच्याचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते, कारण ही पोस्ट एमआयडीसीतले बरेच जण वाचत असतील.

फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, रुमाल नाही, पाणी तर अजिबात नाही. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात तुटतात आणि तुटका दात श्वासनलिकेत गेला तर जीव जाऊ शकतो. चप्पल, कांदा, किल्ल्यांचा जुडगा यातल्या कशानेही फिट थांबत नाही, ती बहुतेक वेळा आपोआपच दोन तीन मिनिटांत थांबते आणि लोकांना वाटतं कांद्याने थांबली. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचं टोकदार, गरम काही असेल तर लांब करा, डोक्याखाली मऊ ठेवा, कॉलर सैल करा, घड्याळ बघा. झटके थांबले की एका कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध न येता परत दुसरी आली, किंवा पडताना डोक्याला मार लागला, तर १०८ ला फोन. नंतर माणूस गोंधळलेला असतो, त्याच्याभोवती गर्दी करू नका, नावाने हाक मारा, कुठे आहे ते हळू सांगा.

हे प्रत्येक शॉपमध्ये दोन माणसांना जरी येत असेल तरी प्लांट हेडची निम्मी भीती जाईल. ताई, तुम्ही अर्जात हे पण लिहा की माझ्या शिफ्टमधल्या दोन जणांना प्रथमोपचार शिकवावा.

गोळ्यांबद्दल, फिट आली म्हणून मनाने डोस वाढवू नका आणि बरं वाटतंय म्हणून बंद पण करू नका, एकदम बंद केल्याने तर जास्त वाईट फिट येतात. आणि एक विचारते, भाऊ कामावर जातो कसा?

---

सिडकोची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. खरंच डोळ्यात पाणी आलं वाचताना. दवबिंदू ताई तुमचा मेसेज भावाला वाचायला दिला, काही बोलला नाही पण संध्याकाळी बाहेर येऊन जेवला आणि स्वतःहून विचारलं की पुण्याला कधी जायचं.

पत्र लिहिलं काकांनी सांगितलं तसं, स्पीड पोस्ट केलं, मेल पण केला. मेलला लगेच एचआरचा फोन आला, मी उचलला आणि सांगितलं साहेब लिहून पाठवा. त्यावर अजून काही लिहून आलेलं नाही. फॉर्मची झेरॉक्स मागितलीय. पगार एकोणीस हजार आहे हातात, ईएसआय कापतात. डॉक्टरांची अपॉइंटमेंट गुरुवारची आहे, मशीनचे फोटो भावाच्या मित्राने पाठवलेत.

सिस्टर, तो बाइकने जातो. त्रिमूर्ती चौकातून अंबडला. आम्हाला यात काही वाटलं नव्हतं कारण कधी काही झालं नाही. लायसन्स आहे त्याच्याकडे.

वडील अजून म्हणतात की एवढं करून घेतलंच परत तरी तिथे त्याला सुखाने जगू देतील का. याचं उत्तर मला देता आलं नाही.

---

स्टाफनर्स_पंचवटी

बाइक आजपासून बंद. यात दुसरं मत नाही. लायसन्सच्या फॉर्म एक मध्येच विचारलेलं असतं की अपस्मार आहे का, अचानक शुद्ध हरपते का. फिट आत्ताच येऊन गेलीय, औषध परत बसायचंय, आणि पाथर्डी फाट्याच्या बाजूची ट्रकची गर्दी माहीत आहे ना. स्वतःचं सोडा, समोरच्याचं काय. कंपनीची बस असेल तर बस, नाहीतर सिटीलिंकची सिटी बस किंवा मित्राच्या मागे बसून. आणि तुमच्या केससाठी सुद्धा हे बरं, उद्या कंपनीने विचारलं की बाइक कशी चालवतो मग तर तुमच्याकडे उत्तर हवं.

---

एचआर_मधला_एक

बाइकबद्दल सिस्टरांशी सहमत, अर्जात लिहून टाका की मी वाहन चालवणं बंद केलंय. याने तुमचा माणूस जबाबदार आहे हे दिसतं.

---

सातपूरचा_जुना_कामगार

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण मी ते बघितलंय. आमच्याकडे एक हेल्पर होता, त्याला फिट यायची. आधी त्यालाही असंच घरी बसवलं होतं. आम्ही कमिटीने भांडून परत आणला, पॅकिंगला दिला, कायम फर्स्ट शिफ्ट. पहिले काही महिने पोरं त्याच्याजवळ डबा खायला बसत नव्हती हे खरं आहे, आणि एका सुपरवायझरने त्याला फार छळलं हे पण खरं आहे, त्याची लेखी तक्रार केली तेव्हा थांबला. पण तो तिथेच रिटायर झाला, ग्रॅच्युइटी घेतली, मुलगी इंजिनिअर झाली. सुखाने जगू देतील का हे कंपनीवर सोडलं तर नाही देणार, आपल्याला बरोबरची चार माणसं उभी करावी लागतात. भावाच्या लाईनवर जो मित्र फोटो पाठवतो ना, त्याला धरून ठेवा. त्याच्याकडून, शक्य असेल तर अजून एकदोघांकडून, कॅन्टीनमध्ये काय झालं त्याचा साधा कागद लिहून घ्या, तारीख वेळ सकट, आत्ताच, कारण सहा महिन्यांनी कोणी लिहून देत नाही.

तुमची कंपनी कोणत्या सेक्टरला आहे ते इथे उघड लिहू नका, मला मेसेज करा. अंबडमध्ये अजून ओळखीची माणसं आहेत, तिथे युनियन असेल तर अध्यक्षांशी बोलतो, नसेल तर कामगार उपायुक्तांकडे अर्ज द्यायला मी स्वतः भावाबरोबर येतो. गुरुवारी डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली की शुक्रवारी सकाळी जाऊ. येताना जॉइनिंग लेटर, सगळ्या सॅलरी स्लिपा, ईएसआयचं कार्ड आणि पोस्टाची पावती आणा, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.